व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचे हत्यार कसे निवडावे? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

निळा धूर, तेलाचा वाढता खप, गळके व्हॉल्व्ह अशा तक्रारींवर घरीच काम करू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे शेवटी एकाच प्रश्नावर येतात: स्प्रिंग दाबायची कशाने? म्हणून या वेळचा सगळा विभाग त्याच प्रश्नाला दिला आहे. उत्तरांतली मापे सर्वसाधारण आहेत. तुमच्या इंजिनाचे सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातले माप अंतिम माना.

प्रश्न: चारचाकीचे हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) उतरवून टेबलावर ठेवले आहे. आठ व्हॉल्व्ह आहेत, स्प्रिंगा उघड्या दिसतात. सी-क्लॅम्पसारखे, दोन आकड्यांचे (हुकांचे), तरफेचे आणि हातोडीने ठोकायचे असे चार प्रकारचे कॉम्प्रेसर दिसतात. सगळ्यांवर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेले असते. कोणता घ्यावा?

उत्तर: हेड उतरवलेले आहे, तर सी-क्लॅम्प. पण तेवढे ठरवून भागत नाही. सी-क्लॅम्प निवडतानाच जास्त चुका होतात, आणि त्या ‘युनिव्हर्सल’ या शब्दावर विसंबल्यामुळे होतात. आधी हेड मोजा, मग हत्यार बघा.

स्प्रिंगच्या डोक्यावर बसलेली चकती म्हणजे रिटेनर. तिच्या मधल्या निमुळत्या भोकात दोन अर्धवर्तुळाकार लॉक बसलेले असतात आणि ते व्हॉल्व्हच्या दांडीवरची खाच पकडून ठेवतात. व्हॉल्व्ह जागेवर धरून रिटेनर खाली दाबला की लॉक मोकळे होतात. म्हणजे हत्याराकडून मागणी एकच: दाब दांडीच्या सरळ रेषेत पडावा. दाब तिरका पडला की रिटेनर कलतो, एक लॉक सुटतो, दुसरा अडकून बसतो, दांडीवर चरे पडतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे भार असतानाच हत्यार सटकते.

मोजायच्या गोष्टी तीन. पहिली, ज्वलनकक्षाच्या बाजूने व्हॉल्व्हच्या तोंडापासून रिटेनरच्या वरच्या पातळीपर्यंतचे अंतर. क्लॅम्प पूर्ण उघडल्यावर या अंतरापेक्षा किमान १० ते १५ मिमी जास्त उघडला पाहिजे, शिवाय पायाची, म्हणजे रिटेनरवर टेकणाऱ्या टोकाची, उंची वेगळी धरायची. दुसरी, हेडच्या जवळच्या कडेपासून व्हॉल्व्हच्या मध्यापर्यंतचे अंतर. क्लॅम्पच्या पोटाची खोली त्याहून थोडी जास्त हवी. तिसरी, रिटेनरचा व्यास आणि त्याच्याभोवतीची मोकळी जागा. रिटेनरवर टेकणाऱ्या पायाचा बाहेरचा व्यास रिटेनरपेक्षा ३ ते ५ मिमी कमी असावा आणि आतली पोकळी इतकी असावी की दोन्ही लॉक दिसतील आणि चिमटा जाईल. रिटेनर २८ मिमीचा असेल तर २३ ते २५ मिमीचा पाय जमतो. १६ मिमीचा पाय त्यावर ठेवला तर तो लॉकवरच टेकतो, आणि मग कितीही दाबा, लॉक सुटणार नाहीत.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. क्लॅम्पचे खालचे टोक व्हॉल्व्हच्या तोंडाच्या मध्यावर टेकले पाहिजे आणि तोंडापेक्षा लहान असले पाहिजे. लहान व्हॉल्व्हच्या हेडवर मोठे टोक वापरले तर ते ज्वलनकक्षाच्या भिंतीवर टेकते, व्हॉल्व्हला आधारच मिळत नाही आणि रिटेनर दाबताना व्हॉल्व्हही सोबत खाली सरकतो. स्प्रिंग दबलेली दिसते, लॉक मात्र होते तिथेच.

पोट जितके खोल तितके बरे, असे समजू नका. खोल फ्रेम भाराखाली जास्त उघडते आणि पाय कलतो. जोराचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब: समजा स्प्रिंगची मोकळी लांबी ४५ मिमी, बसवलेली उंची ३८ मिमी आणि कडकपणा दर मिलिमीटरला ३.५ किलो. बसल्या जागी जोर झाला २४.५ किलो. लॉक सोडवायला आणखी ८ मिमी दाबली की तो ५२.५ किलोवर जातो. दुहेरी स्प्रिंग असेल तर याहून बराच जास्त. म्हणून पोहोचेल त्यातली सर्वांत लहान फ्रेम निवडावी आणि ती पत्रा वाकवून केलेली नसून घडीव पोलादाची असावी.

स्क्रूचा क्लॅम्प घ्यावा की तरफेचा? तरफेचा क्लॅम्प एका झटक्यात दाबून आपोआप अडकतो, दोन्ही हात मोकळे होतात, आठ व्हॉल्व्ह भराभर होतात. पण त्याची दाब-लांबी आधी नेमकी जुळवावी लागते. ती जास्त ठेवली तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडेपर्यंत दाबले जातात. पहिल्यांदा काम करणाऱ्याने स्क्रूचाच घ्यावा असे आम्हाला ठामपणे वाटते. किती दाबले गेले ते हाताला कळते आणि काही अडले तर अर्ध्या फेऱ्यात थांबता येते.

प्रश्न: माझे हेड १६ व्हॉल्व्हचे आहे. स्प्रिंगा खोल विहिरीत आहेत आणि त्यावर बादलीच्या आकाराचे टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले सरकते भाग) बसतात. क्लॅम्पचा पाय आत पोहोचतच नाही.

उत्तर: साधा कडीसारखा पाय इथे चालत नाही. तुम्हाला दोन्ही बाजूंना खिडक्या कापलेला लांब नळीचा पाय हवा. रिटेनर हेडच्या वरच्या पातळीपासून किती खोल आहे ते मोजा आणि नळी त्याहून किमान २० मिमी लांब घ्या, म्हणजे क्लॅम्पची भुजा हेडला घासणार नाही.

इथे खरी काळजी विहिरीच्या भिंतीची. टॅपेट त्या भिंतीवरच सरकतो, दोघांत जागा मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी इतकी कमी असते आणि भिंत ॲल्युमिनियमची असते. पोलादी नळीची कड एकदा घासली की उभा चरा पडतो, त्याचा उंचावलेला काठ टॅपेटला अडवतो. नळीचा बाहेरचा व्यास विहिरीपेक्षा निदान २ मिमी कमी ठेवा. शिवाय पातळ, गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी गोल वळवून विहिरीला अस्तर लावा आणि मगच नळी आत सोडा. काही उत्पादक यासाठी तयार बाही देतात. पेयाच्या बाटलीच्या सरळ भागातून कापलेली पट्टीही चांगली चालते, मात्र तिची उंची विहिरीच्या काठाच्या वर यावी.

टॅपेट आणि त्यांचे शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) काढतानाच खण पाडलेल्या डब्यात क्रमाने ठेवा. अदलाबदल झाली तर सगळी क्लिअरन्स (कॅम आणि टॅपेटमधली फट) नव्याने मोजावी लागते.

प्रश्न: मोटारसायकलचे एका सिलिंडरचे छोटे हेड आहे, दोनच व्हॉल्व्ह. जी-क्लॅम्प आणि पाइपचा तुकडा वापरून काम होईल का?

उत्तर: होईल, आणि नीट बनवले तर चांगले होईल. पाइप पोलादी घ्या, भिंत किमान २ मिमी जाड, बाहेरचा व्यास रिटेनरपेक्षा १ ते २ मिमी कमी. पातळ भिंतीचा पाइप घेऊ नका. खिडकी कापल्यावर तो भाराखाली आत दबतो.

खिडक्या समोरासमोर दोन कापा, रुंदी १२ ते १५ मिमी, उंची २० मिमीच्या आसपास. खालच्या टोकाला ३ ते ४ मिमीचे अखंड कडे राहू द्या. ते कडेच रिटेनरवर सगळीकडून सारखे टेकते. कडे जास्त उंच ठेवले तर चिमटा लॉकपर्यंत तिरका पोहोचत नाही. पाइपची दोन्ही टोके काटकोनात असायला हवीत. गुण्या लावून उजेडात बघा, फट दिसली तर कानशीने सारखी करा. करवतीचे टोकदार कंगोरे आतून-बाहेरून काढून टाका. वरच्या टोकावर जाड वॉशर किंवा चकती ठेवून तिच्या मधोमध जी-क्लॅम्पचा गोळा टेकवा. चकतीत उथळ खड्डा पाडला तर गोळा घसरत नाही.

व्हॉल्व्हच्या बाजूला क्लॅम्पच्या जबड्याखाली कठीण लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची चकती ठेवा. ती व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा लहान हवी, कारण वर सांगितले तेच. हेड मोकळे हलू देऊ नका; टेबलाला लाकडी पट्ट्यांमध्ये अडकवा. गॅस्केटची पातळी उघड्या लोखंडी टेबलावर घासता कामा नये.

खिडकी नसलेले साधे सॉकेट वापरून लॉक काढता येतील, बसवता येणार नाहीत. ही गोष्ट हेड मोकळे करण्याआधी लक्षात घ्यावी.

प्रश्न: क्लॅम्प आवळत गेलो, फ्रेम वाकायला लागली, पण रिटेनर लॉकपासून सुटत नाही. आणखी आवळू का?

उत्तर: नाही. लगेच सैल करा.

निमुळत्या भोकात वर्षानुवर्षे दाबले गेलेले लॉक जळलेल्या तेलाच्या थरामुळे रिटेनरला घट्ट चिकटतात. क्लॅम्पचा जोर एका बाजूने रिटेनरवर आणि दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्हवर पडतो, म्हणजे तो सगळा या चिकटलेल्या जोडावर येतो. फ्रेम स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि जोड अचानक सुटला की सगळे उडते.

क्लॅम्प पूर्ण काढा. हेड सपाट लाकडावर ठेवा आणि त्या व्हॉल्व्हच्या तोंडाखाली बरोबर बसेल असा लाकडी ठोकळा सरकवा, म्हणजे व्हॉल्व्ह खाली जाऊ शकणार नाही. रिटेनरच्या कडेवर टेकेल पण लॉकला आणि दांडीच्या टोकाला लागणार नाही असे सॉकेट उभे धरा आणि हातोडीचा एक नेमका, कोरडा फटका द्या. हळूहळू ठोकत बसण्याने जोड सुटत नाही, फक्त रिटेनर खराब होतो. सुटल्याचा आवाज वेगळा येतो. कधीकधी लॉक त्याच फटक्यात निघून सॉकेटच्या पोकळीत पडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि हेडवर जाड कापड. मग क्लॅम्प लावा. आता तो सहज चालेल.

क्लॅम्पवर पूर्ण भार असताना हातोडी मारायची नाही. फार तर रिटेनरला पाय नुसता टेकून थोडा आवळला असताना पायाच्या वर हलका ठोका चालतो.

लॉक निघाल्यावरही व्हॉल्व्ह गाइडमधून (दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून) बाहेर येत नसेल तर तो ठोकून काढू नका. खाचेच्या किंवा टोकाच्या कडेला फुगवटा आलेला असतो, तो गाइडला आतून खरवडतो. बारीक तेलदगडाने किंवा बारीक कानशीने, दांडी हाताने फिरवत तो काढा, कचरा पुसा आणि मग व्हॉल्व्ह बोटाने ढकलून बघा. या दोन मिनिटांच्या कामाने गाइड वाचते.

प्रश्न: फक्त व्हॉल्व्ह सील (दांडीवरून तेल आत जाऊ न देणाऱ्या टोप्या) बदलायची आहेत. हेड न उतरवता स्प्रिंग काढता येते असे ऐकले. त्यासाठी कोणते हत्यार लागते आणि व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून काय करावे?

उत्तर: येते. इथे सी-क्लॅम्पचा उपयोग नाही, कारण खालून आधार घ्यायला जागाच नाही. वरून दाबणारे तीन प्रकार आहेत. ज्या इंजिनात रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफा) स्टडवर बसतात तिथे स्टडला अडकणारी तरफ सुटसुटीत पडते. कॅमशाफ्ट हेडवर असलेल्या इंजिनात कॅमच्या बेअरिंग कॅपच्या बोल्टांना बांधायचा आडवा दांडा आणि त्यावर सरकणारी तरफ लागते. यात दांड्याची लांबी आणि बोल्टांच्या भोकांमधले अंतर तुमच्या हेडला जुळते का ते घेण्याआधी मोजा. तिसरा दोन आकड्यांचा, मधल्या स्क्रूने ओढणारा. तो स्प्रिंगच्या वेढ्यांना पकडतो, म्हणून भोवती आकडे घालायला मोकळी जागा असेल तिथेच चालतो. दोन्ही आकडे समोरासमोर आणि एकाच पातळीच्या वेढ्यात हवेत. एक आकडा अर्ध्या वेढ्याने वर राहिला की स्प्रिंग कमानीसारखी वाकते आणि रिटेनर कलतो. विहिरीतल्या स्प्रिंगसाठी हा प्रकार घेऊच नका.

कॅमशाफ्ट काढावा लागत असेल तर टायमिंगच्या खुणा आधी जुळवून त्यांचा फोटो काढा आणि चेन किंवा बेल्ट जागेवर बांधून ठेवा. कॅप क्रमाने, थोड्या थोड्या सैल करायच्या. एका बाजूच्या आधी सोडल्या तर स्प्रिंगच्या जोराने कॅमशाफ्ट तिरका होतो.

आता व्हॉल्व्ह धरून ठेवण्याबद्दल. मार्ग दोन: दाबाची हवा किंवा दोरी.

हवेसाठी प्लगच्या भोकात आट्यांची नळी बसवून ५ ते ७ बारचा दाब देतात. कॉम्प्रेशन मोजायच्या गेजची नळी वापरणार असाल तर तिच्या टोकातली एकदिश व्हॉल्व्हची सुई आधी काढा. ती हवा सिलिंडरमधून गेजकडे जाऊ देते, उलट नाही. ती तशीच ठेवली तर नळी फुगलेली आणि सिलिंडर रिकामा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे सर्वांत वरच्या ठिकाणी, आणा. दोन कारणांसाठी. हवेचा दाब गेला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकतो, गाइडमधून निसटत नाही. आणि पिस्टन टीडीसीपासून थोडा जरी सरकलेला असला तर हवा त्याला खाली ढकलून क्रँक फिरवते. ७५ मिमी बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या व्यासावर) ६ बार दाब म्हणजे पिस्टनवर सुमारे २७० किलोचा जोर. म्हणून गिअर टाका, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा आणि क्रँकच्या नटावर पाना कधीही ठेवून देऊ नका. तो गरकन फिरून हात मोडू शकतो. हवा सलग चालू हवी. व्हॉल्व्हची सीट (तोंड जिथे टेकते ती बैठक) गळकी असेल तर फुसफुस ऐकू येते; ती जोराची असेल तर हा मार्ग सोडा.

दोरीचा मार्ग आम्हाला घरच्या कामासाठी जास्त विश्वासाचा वाटतो, कारण त्यात अचानक जाणारे असे काही नाही. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकमध्ये टीडीसीच्या आधी, साधारण अर्ध्या वाटेवर ठेवा. प्लगच्या भोकातून ६ ते ८ मिमी जाडीची स्वच्छ नायलॉनची दोरी आत सोडत जा, आत जाईनाशी होईपर्यंत. टोकाला गाठ मारून ते टोक बाहेरच ठेवा. मग क्रँक हाताने हळूच पुढे फिरवा; दोरी दबून व्हॉल्व्हना खालून टेकते आणि क्रँक मऊपणे थांबतो. जबरदस्ती नको. सुटणाऱ्या धाग्यांची सुतळी वापरू नका, तुकडे आत राहतात. काम संपल्यावर क्रँक आधी थोडा मागे घ्या, मग दोरी ओढा.

स्प्रिंगला हात लावण्याआधी हेडवरची तेल परतायची सगळी भोके चिंध्यांनी बंद करा आणि किती चिंध्या घातल्या ते लिहून ठेवा. लॉक तेलाच्या भोकातून खाली गेला तर संप (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) उतरवण्यावाचून इलाज नसतो.

प्रश्न: लॉक बसवताना सारखे निसटतात. एक बसतो तोवर दुसरा पडतो. यासाठी वेगळे काही हत्यार आहे का?

उत्तर: हत्यारापेक्षा ग्रीस आणि क्रम महत्त्वाचे. खाच कापडाने पुसा आणि तिच्यात घट्ट ग्रीसचा पातळ थर भरा. बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावून त्यावर लॉक पाठीकडून चिकटवा, रुंद बाजू वर ठेवून खाचेच्या वरच्या बाजूने खाली सरकवा. पहिला लॉक पलीकडच्या बाजूला, जिथे दिसायला अवघड. दुसरा तुमच्याकडच्या बाजूला. चुंबकाने लॉक उचलायला सोपे जातात, पण ते चुंबकित होतात आणि बसवताना दांडीला किंवा चिमट्याला चिकटून बसतात. काढताना चुंबक वापरा, बसवताना ग्रीस.

अर्धे लॉक या घाईत पडतात की स्प्रिंग फार खाली दाबली जाते. खाच रिटेनरच्या वर पूर्ण दिसली आणि वर २-३ मिमी जागा उरली की पुरे. जास्त खोल दाबले तर लॉक खाचेच्या खाली घसरून रिटेनर आणि दांडीच्या मधल्या फटीत जातात. रिटेनर एका बाजूला सरकला असेल तर एका लॉकला जागा भरपूर आणि दुसऱ्याला नाहीच. क्लॅम्प थोडा हलवून रिटेनर दांडीच्या मध्यावर आणा.

दोन्ही बसले की क्लॅम्प हळू सैल करा आणि लॉकवर नजर ठेवा. दोघांची वरची कड एका पातळीत आणि दोघांमधल्या दोन्ही फटी जवळपास सारख्या दिसायला हव्यात. एक वर राहिला असेल तर पुन्हा दाबा. इंजिन चालू झाल्यावर तो आपोआप बसेल अशी आशा धरू नका. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडाखाली काही टेकलेले नाही ना ते बघून दांडीच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या. चुकीचा बसलेला लॉक इथेच उडतो, म्हणून वर कापड धरा आणि चेहरा बाजूला ठेवा.

आणि लॉक बसवण्याच्या आधीच्या तीन चुका, कारण त्यांच्यामुळे सगळे पुन्हा उघडावे लागते. स्प्रिंगखालची सीटची चकती सील ठोकण्याआधी घालायची. सील बसल्यावर ती बऱ्याच इंजिनांत खाली जात नाही. नवे सील दांडीवर चढवताना खाचेच्या धारेने त्याचा ओठ कापला जातो, म्हणून दांडीच्या टोकावर पातळ प्लॅस्टिकची टोपी किंवा गुळगुळीत टेपचा एक वेढा घ्या, इंजिन ऑइल लावा आणि सील फिरवत खाली न्या. इनलेट आणि एक्झॉस्टची सील वेगळी असू शकतात. रंग आणि आतला व्यास बघा. तिसरी चूक स्प्रिंगच्या दिशेची. एका टोकाला वेढे दाट असतील तर दाट बाजू हेडकडे, विरळ बाजू रिटेनरकडे.

प्रश्न: आत चुंबक असलेले, वरून हाताने दाबायचे किंवा ठोकायचे छोटे हत्यार पुरेल का? जाहिरातीत दोन सेकंदांत लॉक निघताना दिसतात.

उत्तर: छोट्या इंजिनाच्या मऊ, एकेरी स्प्रिंगसाठी पुरते. काढण्यासाठी खरेच वेगवान आहे. व्हॉल्व्हच्या तोंडाखाली भक्कम आधार हवा, नाहीतर फटका व्हॉल्व्ह उघडण्यातच जातो. बसवताना मात्र ते तितकेसे भरवशाचे नाही: लॉक आतल्या सुईभोवती बसवून एका दाबात खाचेत जायला हवेत, आणि एक तिरका गेला तर बाहेरून दिसत नाही. दुहेरी स्प्रिंगसाठी किंवा अरुंद विहिरीसाठी हे घेऊ नका. घेतले तरी तुमच्या व्हॉल्व्हच्या दांडीचा व्यास, बहुधा ४.५ ते ७ मिमीमधला, त्याच्या मर्यादेत बसतो का ते आधी बघा.

प्रश्न: एवढे सगळे उघडलेच आहे तर स्प्रिंग बदलावी की नाही हे घरी कसे ठरवायचे?

उत्तर: चार तपासण्या पुरेशा आहेत. मोकळी लांबी वर्नियरने दोन-तीन बाजूंनी मोजा आणि मॅन्युअलमधल्या किमान मर्यादेशी ताडून बघा. सपाट काचेवर उभी करून गुण्या लावा. वरच्या टोकाची फट दोन मिलिमीटरच्या आसपास गेली तर बहुतेक इंजिनांत ती बाद. वेढ्यांवर गंजाचे खड्डे किंवा चकचकीत घासलेला पट्टा शोधा. स्प्रिंग मोडते ती अशाच जागी.

चौथी तपासणी जोराची. जोरमापक नसेल तर जुनी आणि नवी स्प्रिंग एकापुढे एक, मध्ये सपाट चकती ठेवून व्हाइसमध्ये थोड्या दाबा. दोघींवर जोर तोच असतो, त्यामुळे जी जास्त दबते ती कमजोर. दाबताना चष्मा लावा, आणि दोन्ही स्प्रिंगांच्या आतून एक सैल सळई घाला, म्हणजे त्या बाजूला उडणार नाहीत. एकच कमजोर निघाली तरी पूर्ण संच बदलणे योग्य, कारण बाकीच्यांनीही तेवढेच काम केलेले असते.

व्हॉल्व्हच्या सीट कापून घेतल्या असतील तर बसवलेली उंची मोजायला विसरू नका: स्प्रिंगच्या खालच्या बैठकीपासून रिटेनरच्या खालच्या बाजूपर्यंत. सीट जितकी कापली तितका व्हॉल्व्ह वर सरकतो, उंची वाढते आणि स्प्रिंगचा जोर घटतो. वरच्या हिशेबातल्या स्प्रिंगमध्ये १ मिमी उंची वाढली तर २४.५ पैकी ३.५ किलो जोर गेला. ही वाढ स्प्रिंगखाली तेवढ्याच जाडीचा शिम घालून भरून काढतात. शिम घातल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना वेढे भिडत नाहीत ना, ते तपासावे लागते.

प्रश्न: जुने साइड-व्हॉल्व्ह इंजिन आहे, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच आहेत. यातला कोणता क्लॅम्प चालेल?

उत्तर: यातला कोणताच नाही. इथे रिटेनर खाली, टॅपेटच्या कप्प्यात असतो आणि स्प्रिंग खालून वर दाबायची असते. त्यासाठी दोन चपट्या, इंग्रजी यू-च्या आकाराच्या जबड्यांचा कॉम्प्रेसर मिळतो: एक जबडा रिटेनरच्या खाली, दुसरा स्प्रिंगच्या वरच्या टोकाशी. जबड्यांची जाडी आणि कप्प्याच्या तोंडाची रुंदी मोजून घ्या. टॅपेट सर्वांत खाली असेल अशा स्थितीत क्रँक ठेवा, नाहीतर खालच्या जबड्याला जागा मिळत नाही. लॉक दोन तुकड्यांचेच असतील असे नाही; काही इंजिनांत आडवी पिन असते, काहींत रिटेनरलाच कुलपाच्या भोकासारखी खाच असते आणि तो वर दाबून बाजूला सरकवला की निघतो. दाबण्याआधी आरसा आणि बॅटरी घेऊन यातला कोणता प्रकार आहे ते बघून घ्या, आणि कप्प्याच्या तळातले तेलाचे भोक बोळा कोंबून बंद करा.